गणेश उलटल्यावर

बंगालीत कुणाचा धंदा बुडाला की 'त्याचा गणेश उलटला' असं म्हणतात. गल्ल्याजवळचा गणपती पालथा झाला, म्हणजे दुकान संपलं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सोळा वर्षांचा होतो. विट्याजवळच्या खेड्यातून कोलकात्याला नुकताच आलो होतो आणि चुलत्यांच्या गलाईच्या दुकानात कोळसा फोडत होतो. गणपतीबद्दल असं बोलतात याचाच मला राग आला होता. त्यांचा दुसरा शब्द 'लालबाती जळली'. आपल्याकडे दिवाळं निघतं. जुनी माणसं सांगायची की पेढी बुडाली की सावकार भर दिवसा दारात दिवा लावून बसे, आणि त्यावरून दिवाळं हा शब्द आला. खरंखोटं जाणकारांनी पाहावं. मला त्यातलं एवढंच पटतं, की बुडालो हे दहाजणांना दिसेल असं सांगायचं असतं. मी ते सांगितलं नाही. सव्वादोन वर्षं मी गणपती सरळ धरून बसलो होतो आणि माझा हात भरून आला होता.

गलाई म्हणजे काय, हे खानापूर-आटपाडीकडच्यांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या भागात पाऊस नाही. शेतीवर पोट भरेना म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. भारतातल्या बहुतेक सराफ बाजारांत, एखाद्या बोळात, विटा-लेंगरे-भाळवणीकडचा कुणीतरी भट्टी लावून बसलेला सापडतो. जुना दागिना, सोनाराच्या कामातली मोड, दुकान झाडलेला कचरासुद्धा आमच्याकडे येतो. सोन्यात जवळजवळ तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवायचं, मग तेजाबात उकळायचं. चांदी, तांबं विरघळून जातं आणि तळाला चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन पुन्हा आटवली की चोख सोन्याची लगड. धूर छातीत जातो, बोटं पिवळी पडतात. तरी काम आवडायचं मला, अजून आवडतं.

माझं दुकान सिंथीच्या मोडाजवळ होतं आणि घर डमडममध्ये, नागेरबाजारच्या मागे. सिंथीत सोन्याचे लहान-मोठे कारखाने गल्लोगल्ली. कारागीर पुष्कळसे घाटाल-दासपूरकडचे. कारागिराला थांबायला वेळ नसतो. तो मोड आणतो, आपण टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा आणि तेवढं चोख सोनं तिथल्या तिथे त्याच्या हातावर ठेवायचं. त्याची मोड नंतर सावकाश गाळायची. म्हणजे गाळणाऱ्याजवळ स्वतःचं सोनं साठ्याला हवं. ज्याच्याजवळ नसेल तो मोठ्या व्यापाऱ्याकडून उधार घेतो. चिठ्ठीवर आकडा, खाली सही, बस्स. आम्हीही पुढे ओळखीच्या कारागिरांना असंच देतो. जबानीवर चालणारा धंदा म्हणून आम्हाला त्याचा अभिमान. जबान मोडली की हातात कागद काहीच नसतो, हे त्या अभिमानात कुणी बोलत नाही.

2019च्या डिसेंबरात बारा कारागिरांचा एक कारखाना एका रात्रीत बंद झाला. माझं 180 ग्रॅम चोख त्यांच्याकडे होतं. सकाळी गेलो तर कुलूप, आणि कुलपासमोर माझ्यासारखेच पाच-सहाजण उभे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, तिचं पुढे काही झालं नाही. तीन महिन्यांनी टाळेबंदी आली.

मला स्वतःला दोन व्यापाऱ्यांचं मिळून 310 ग्रॅम देणं होतं. हा हिशेब नीट सांगतो, कारण माझं बुडणं त्यात आहे. मी रुपये देणं लागत नव्हतो, सोनं देणं लागत होतो. 2019च्या सुरुवातीला दहा ग्रॅमचा भाव 32-33 हजार होता, तेव्हा माझं देणं दहा लाखांच्या आसपास. 2020च्या ऑगस्टात भाव 56 हजारांच्या घरात गेला. भट्टी थंड, शटर बंद, मी घरात बसून मुलीचे ऑनलाइन वर्ग ऐकतोय, आणि माझं कर्ज सव्वासात लाखांनी वाढलेलं. एक रुपया न उचलता. लोक म्हणत होते, सोन्यावाल्यांची चंगळ आहे.

मग मी जे केलं ते सगळेच करतात. एक भोक बुजवायला दुसरं पाडलं. फायनान्स कंपनीचं धंद्यासाठी बिनतारण कर्ज, 9 लाख. बँकेचं वैयक्तिक कर्ज, 6 लाख. दोन क्रेडिट कार्डं, त्यांचं व्याज महिना साडेतीन टक्के. वर्षाला बेचाळीस टक्के होतात, हे एका हिशेबी धंद्यातल्या माणसाने दीड वर्ष मांडून पाहिलं नाही. गावचा एखादा सावकार महिना पाच टक्के घेतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. हे कार्ड मला कुरिअरने घरपोच आलं होतं, सोबत अभिनंदनाचं पत्र. गलाईवाल्यांच्या भिशीतून 4 लाख उचलले, तेही बोली लावून, म्हणजे मोठी तूट सोसून. शेवटी मोबाइलवरची तीन अ‍ॅपं, मिळून 60 हजार. बायकोच्या मंगळसूत्राच्या वाट्या आटवल्या. गावाकडच्या चुलतीच्या पाटल्या आणल्या होत्या, चार तोळ्यांच्या. 'भाव खाली आला की करून देतो' म्हणालो होतो. त्याही आटवल्या.

2022च्या फेब्रुवारीत दुकान बंद केलं. घरी सांगितलं, दुरुस्ती चालू आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, डमडम जंक्शनच्या फलाटावर बसायचो, नाही तर चिडियामोडपर्यंत चालत जाऊन परत यायचो. येता-जाता जेसोर रोडवर मध्यवर्ती तुरुंगाची भिंत लागते. कर्ज फेडलं नाही तर तुरुंगात टाकतात असं मला फोनवर रोज सांगितलं जात होतं, म्हणून मी त्या बाजूने चालणं सोडलं आणि पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागलो. एका रात्री बंद दुकानाचं शटर आतून ओढून तासभर बसलो होतो. त्याबद्दल एवढंच लिहितो.

तगादा किती प्रकारचा असतो हे मला तेव्हा कळलं. अ‍ॅपवाल्यांचा सगळ्यांत हलकट. कर्ज देतानाच त्यांनी मोबाइलमधले सगळे नंबर ओढून घेतले होते. हप्ता चुकला त्या आठवड्यात माझा फोटो, खाली 'चोर' असं लिहून, मुलीच्या शिक्षिकेला, गावच्या सरपंचांना आणि ज्याच्याकडून मी चार वर्षांपूर्वी गॅसची शेगडी दुरुस्त करून घेतली होती त्या माणसालाही गेला. शेगडीवाल्याने फोन करून विचारलं, 'दादा, बरे आहात ना?' बाकी कुणीही ते विचारलं नाही. अशा अ‍ॅपांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2020च्या डिसेंबरातच सावध केलं होतं. मोबाइलमधली संपर्कयादी उघडायला बंदी घालणारे नियम 2022च्या सप्टेंबरात आले. तोवर माझी यादी फिरून आली होती.

फोनवाल्यांचं वेगळं. सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत. आधी 'सर', मग 'अहो', मग आईवरून. हिंदीत, बंगालीत, एकदा ओडियात. एके दिवशी फोन आला आणि पलीकडून मराठी. 'दादा, मराठी आहात ना? आडनावावरून वाटलं.' नवी मुंबईतून बोलत होती. मला आधी बोलताच येईना. मग जे महिनोन्‌महिने कुणाशी बोललो नव्हतो ते त्या वसुलीच्या मुलीशी बोललो, भट्टी, भाव, पाटल्या, सगळं. ती ऐकत राहिली. नंतर आवाज खाली घेऊन म्हणाली, 'दादा, आमचे कॉल रेकॉर्ड होतात, मला जास्त बोलता येणार नाही. तोंडी काही कबूल करू नका. जे काय असेल ते लेखी मागा.' आणि मग पुन्हा वरच्या पट्टीत: 'तर सर, पेमेंट आज किती वाजेपर्यंत होईल?' तिलाही तिचा महिन्याचा आकडा गाठायचा होता.

सगळ्यांत अवघड तगादा मात्र बिनआवाजी होता. माझ्या दोन व्यापाऱ्यांपैकी मोठे, बहूबाजारचे एक म्हातारे बंगाली गृहस्थ, दुकान चालू असताना दर संध्याकाळी पाच वाजता यायचे. स्टुलावर बसायचे, मातीच्या भांडातून चहा प्यायचे, भांड कचऱ्यात टाकून निघून जायचे. सोन्याचा विषय काढायचे नाहीत. मला कधी नावाने हाक मारली नाही, 'मराठी' म्हणायचे. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा, तो उपाशी, म्हणून घरधनीही उपाशी, असं आपण वाचतो. आज धरणं म्हटलं की मोर्चा आठवतो, पण तो शब्द अशा स्टुलांवर घासून गुळगुळीत झालेला आहे. शिव्या देणाऱ्याचा राग करता येतो. चहा पिणाऱ्याचं काय करायचं?

घरी कळलं ते पोइला बैशाखला. बंगाली नववर्षाला व्यापारी हालखाता करतात. नवी लाल वही पुजायची, गिऱ्हाइकांना बोलवायचं, मिठाईचा डबा आणि कॅलेंडर द्यायचं. गिऱ्हाइकाने जुनी बाकी चुकती करायची, निदान काहीतरी जमा करून नव्या वहीत नाव लिहायचं. इतकी सभ्य वसुली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. म्हाताऱ्यांचं निमंत्रण दरवर्षीप्रमाणे त्याही वर्षी आलं. मी गेलो नाही, तर त्यांनी पोऱ्याबरोबर डबा आणि कॅलेंडर घरी पाठवून दिलं. पोऱ्या सरळ मनाने बायकोला म्हणाला, 'दुकान बंद आहे ना, म्हणून बाबूंनी इथे पाठवलं.'

ती ओरडली नाही. डबा उघडून मुलीच्या पुढ्यात संदेश मिठाई ठेवली आणि कॅलेंडर पालथं करून माझ्यासमोर टाकलं. 'लिहा,' म्हणाली. 'कुणाचे किती, सगळे.' रात्री दीडपर्यंत लिहीत होतो. सोनं त्या दिवशीच्या भावाने सव्वासोळा लाख, फायनान्स 9, बँक 6, भिशी 4, कार्डं 3 लाख 40 हजार, अ‍ॅपं 60 हजार. बेरीज 39 लाख 25 हजार. हा आकडा मी तोवर कधी एकत्र पाहिला नव्हता. सुटासुटा तो रोज मारत होता. एका जागी आल्यावर निदान त्याला तोंड दिसलं. पाटल्या मात्र यादीत लिहिल्या नाहीत. बायकोने विचारलं. मी म्हटलं, ते घरचं आहे.

त्या यादीनिशी आम्ही दोघं बारासातच्या कोर्टात गेलो. डमडमहून बनगाव लोकल, वाटेत हृदयपूर नावाचं स्टेशन लागतं. वकीलबाबूंनी यादी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला तो मला कुणी विचारला नव्हता: 'यातलं उधार कोणतं आणि अमानत कोणतं?' गाळायला दिलेलं सोनं ज्याचं त्याचं असतं. ते परत केलं नाही तर ते कर्ज नव्हे, विश्वासघाताचा गुन्हा होतो. माझ्याकडे दोन सोनारांची मिळून 22 ग्रॅम मोड गाळायची पडून होती. 'हे आधी परत करा. आज संध्याकाळी. मग माझ्याकडे या.' तसंच केलं. दुकानाची भट्टी शेवटची पेटवली ती त्या 22 ग्रॅमसाठी.

दिवाळखोरीचा अर्ज करता येईल का, हे विचारायला आम्ही गेलो होतो. येतो, पण कायदा 1920चा. प्रांतिक नादारी कायदा. किमान 500 रुपये देणं असलं की अर्ज करता येतो. तो आकडा शंभर वर्षांत बदललेला नाही. कोलकाता, मुंबई, मद्रास या शहरांसाठी त्याहून जुना, 1909चा. डमडम उत्तर 24 परगण्यात, म्हणून आम्ही 1920वाले. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात, ती विकून घेणेकऱ्यांत वाटणी, आणि मग यथावकाश मुक्तता. 'यथावकाश' हा शब्द वकीलबाबूंनी असा काही उच्चारला की बायकोने पिशवी आवरायला घेतली. 2016च्या नव्या संहितेत साध्या माणसासाठी वेगळा भाग आहे, तो छापून तयार आहे. पण 2019च्या 1 डिसेंबरपासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. माझ्यासारख्याला नाही. हजार कोटींच्या कंपनीला बुडायला नवा रस्ता मिळाला, मुदती ठरल्या. गलाईवाल्याने बुडायचं तर इंग्रजांच्या वाटेने. मला यात रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. माणसाला बुडायलाही जागा लागते, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी कळल्या. एक, निव्वळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी हुकूमनाम्यात कुणाला कैद करता येत नाही. असून देत नाही असं दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच तसं सांगून ठेवलंय. चेकचं प्रकरण निराळं, तो फौजदारी मामला. दुसरी, दिवाणी संहितेच्या 60व्या कलमाप्रमाणे काही वस्तूंवर जप्ती येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने. वकीलबाबू बायकोकडे बघून म्हणाले, 'म्हणजे तुमचं मंगळसूत्र कुणी नेणार नाही.' ती म्हणाली, 'हे वन ग्रॅमचं आहे. नेलं तरी चालेल.' कायद्याने राखून ठेवलेला तेवढा एक दागिना नवऱ्याने आधीच मुशीत घातला होता, हे त्यांना कळलं नाही. किंवा कळलं असेल. त्यांनी फी घेतली नाही त्या दिवशी.

अर्ज आम्ही केला नाही. एकेका घेणेकऱ्याला भेटायचं ठरवलं. वकीलबाबूंनी मुदतीच्या कायद्याचंही सांगितलं होतं. अशा कर्जाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, मध्ये लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून धरली जाऊ शकते. 'सर, सध्या फक्त 500 भरा' असं फोनवर इतक्या प्रेमाने का म्हणतात, ते तेव्हा उमगलं. ओळखीचे काहीजण गप्प बसून तीन वर्षं काढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. मला ते झेपलं नसतं इतकंच. मला त्याच बाजारात पुन्हा भट्टीपुढे बसायचं होतं.

मुलीची एक कोरी वही घेतली आणि प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव, काय म्हणाला, हे लिहायला लागलो. 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या वह्या पेटवल्या होत्या. आता पेटवायला वही सापडत नाही, ती कुठल्या शहरातल्या संगणकात आहे देव जाणे. म्हणून आपणच एक वही घालावी. 2022च्या ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. माझ्या वहीत त्यानंतरच्या महिन्याभरात असे 41 फोन निघाले. एका बँकेकडे तक्रार केली, तीस दिवसांत उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे केली. फोन बंद झाले. कर्ज अर्थातच तसंच राहिलं. पण झोप लागायला लागली, आणि झोपलेला माणूस वाटाघाट बरी करतो.

एका रविवारी वसुलीवाले घरी आले, दोघं. जिन्यातच मोठ्याने बोलायला लागले, शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून. खाली पाड्याच्या क्लबात कॅरम चालू होता. पोरं उठली, आणि त्यांच्याबरोबर ग्रामोफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा. आजोबांनी चष्मा लावला, ओळखपत्र मागितलं, बँकेचं अधिकारपत्र मागितलं. एजंटाने ती जवळ ठेवायची असतात हा 2008चा नियम त्यांना कुठून माहीत होता कोण जाणे. ओळखपत्र एकाकडेच होतं, अधिकारपत्र कुणाकडेच नव्हतं. दोघं चहा पिऊन गेले, क्लबानेच पाजला. नंतर आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'आमच्या लहानपणी अंगाईत बर्गी यायचे वसुलीला. आता बर्गीकडेच वसुली!' सगळे हसले, मीही. बर्गी म्हणजे मराठे. त्यांच्या धास्तीने कोलकात्याने 1742 साली खंदक खणला, तो बुजला, पण बागबाजारात एका गल्लीला त्याचं नाव आहे. तिथून मी कैकदा गेलो असेन. त्या दिवशी कळलं की पाड्यातल्या सगळ्यांना आधीच सगळं माहीत होतं. मी इतके दिवस अंधार करून बसलो होतो तो फक्त माझ्यापुरता.

बाकीचं भराभर सांगतो, कारण घडायला खूप वेळ लागला तरी त्यात गोष्ट कमी आहे. दुकानाचा हक्क सोडून सलामीचे 7 लाख आले. दुसऱ्या व्यापाऱ्याने माझे सही केलेले कोरे चेक वटवायला टाकले होते. नोटीस, पंधरा दिवस, समन्स. त्याचा 120 ग्रॅमचा हिशेब लोकअदालतीत साडेपाच लाखांवर मिटला. (कोरा चेक देऊ नये, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नसतं.) फायनान्स कंपनीचे 9चे 11 लाख झाले होते, 2024मध्ये 4 लाख 20 हजारांवर तडजोड, आधी त्यांच्या कागदावर लेखी पत्र, मग पैसे, तेही कंपनीच्या खात्यात, एजंटाच्या मोबाइलवर नव्हे. कार्डंही तशीच. सिबिलमध्ये माझ्या नावापुढे 'सेटल्ड' लागलं, म्हणजे बरीच वर्षं मला कुणी कर्ज देणार नाही. बायको त्याला आशीर्वाद म्हणते. भिशी आणि बँक गावाकडच्या अर्ध्या एकरातून फिटली. पाणी नाही म्हणून आम्ही ज्या जमिनीवरून उठलो, तिला टेंभू योजनेचं पाणी आल्यामुळे भाव आला होता. वडील हयात नाहीत ते बरं.

राहिले म्हातारे व्यापारी, 190 ग्रॅम. त्यांच्याकडे मी स्वतः गेलो, कॅलेंडरमागची यादी घेऊन. त्यांनी ती सावकाश वाचली, आपलं नाव पहिलं आहे हे पाहिलं. मी म्हटलं, दिलं त्या दिवशीचा भाव धरा. ते म्हणाले, 'मी भाव दिला नव्हता. सोनं दिलं होतं.' बराच वेळ आम्ही दोघं गप्प. मग त्यांनी विचारलं, 'हात चालतात ना अजून?' त्यांच्या बहूबाजारच्या भट्टीवर मी कामाला लागलो. पगार रुपयांत, आणि वर महिन्याला 3 ग्रॅम मजुरी, ती हातात न देता खात्यातून वळती. भाव वाढला तर माझं देणं वाढतं, पण मजुरीही तेवढीच वाढते. इतकी साधी गोष्ट दोन वर्षं ना मला सुचली ना कुठल्या बँकेला. हे त्यांनी दयेपोटी केलं असं मला वाटत नाही. त्यांना चांगला गाळणारा हवा होता आणि मी तुरुंगात किंवा गावाला गेलेला परवडत नव्हता. ज्याला आपलं बुडणं परवडत नाही असा घेणेकरी दयाळू माणसापेक्षा जास्त उपयोगी पडतो. आज त्यांचं 70 ग्रॅम बाकी आहे. पोइला बैशाखला मी रांगेत उभा राहून नव्या वहीत माझं नाव लिहून घेतो, डबा घेतो.

2025च्या एप्रिलात दहा ग्रॅम लाखाला भिडलं. त्याच सुमारास गावी गेलो. साठवलेले 1 लाख 30 हजार घेतले होते. चुलतीच्या पाटल्यांचा नेला त्या दिवसाचा भाव, वर थोडं. तिने पाकीट उघडलंही नाही.

'पैसं कशाला दाखवतोस रं मला?' म्हणाली. 'मी तुला पैसं दिलं हुतं का?'

मी भाव समजावून सांगायला लागलो. म्हातारीने हाताने थांबवलं.

'पाटल्या दिल्या हुत्या. पाटल्या आण. घाई न्हाई मला.'

तिचं वय 81. पाकीट परत आणलं आणि त्याच दिवशीच्या भावाने सोनं घेतलं. कोलकात्याला आल्यावर कॅलेंडरमागच्या यादीत सगळ्यांत खाली तिचं नाव लिहिलं. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांना सांगून महिन्याचा अर्धा ग्रॅम वेगळा काढतो, ती लगड घरी डब्यात ठेवलेली असते. आत्ता 15 ग्रॅम झालंय.